स्पिंक-१ चा अहवाल आला, म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न विचारणाऱ्या बाई डोंबिवलीच्या आहेत, वय २७. त्यांच्या २३ वर्षांच्या भावाला गेल्या दोन वर्षांत तीन वेळा स्वादुपिंडाचा दाह, म्हणजे पॅन्क्रिएटायटिस, होऊन रुग्णालयात राहावे लागले. भाऊ दारू पीत नाही आणि त्याच्या पित्ताशयात खडेही नाहीत. शेवटी जनुक चाचणी झाली व तिच्यात ‘स्पिंक-१, एन३४एस, हेटरोझायगस’ असे आले, म्हणजे स्पिंक-१ या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एका प्रतीत एन३४एस नावाचा बदल. घरच्यांनी इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा हे ‘प्रोटिएज इनहिबिटर’ जातीचे प्रथिन असल्याचे कळले; पण त्या शब्दापाठोपाठ एचआयव्हीची औषधे दिसू लागली आणि घरात निराळीच काळजी सुरू झाली. बाईंनी विचारले आहे की, हे प्रथिन कमी पडत असेल तर बाहेरून देता येते का, साबुदाणा बंद करायचा का, आणि स्वतःचे लग्न ठरत असल्याने त्यांनीही ही चाचणी करून घ्यावी का.

मी मुंबईत पोटविकारतज्ज्ञ म्हणून बावीस वर्षे काम करतो आहे आणि असे अहवाल हातात घेऊन येणारी कुटुंबे मला महिन्यातून दोन-तीनदा तरी भेटतात. त्या अनुभवावरून सांगतो की, या प्रश्नाच्या पोटात आणखी दोन प्रश्न दडलेले असतात, जे कोणी लिहून विचारत नाही. एक म्हणजे, भाऊ खरेच पीत नव्हता ना? आणि दुसरा म्हणजे, हा दोष आईकडून आला की वडिलांकडून? या दोन्हींकडे मी पुढे येईन. तुमच्या भावाला मी तपासलेले नाही आणि त्याच्या स्वादुपिंडाची नलिका रुंदावली आहे का, तिच्यात खडे झाले आहेत का, इतर कारणे नीट शोधून बाजूला काढली आहेत का, हे मला ठाऊक नाही. माझ्या उत्तरातील बराच भाग या तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

एचआयव्हीची भीती प्रथम बाजूला ठेवू. प्रथिने कापणाऱ्या कोणत्याही विकराला, म्हणजे एन्झाइमला, प्रोटिएज म्हणतात आणि त्याला अडवणाऱ्या कोणत्याही पदार्थाला प्रोटिएज इनहिबिटर. एचआयव्ही विषाणूला स्वतःचे एक प्रोटिएज असते. त्याला अडवणारी रिटोनाविर, लोपिनाविर यांसारखी औषधे कारखान्यात तयार होणारे छोटे रेणू आहेत. स्पिंक-१ हे आपले शरीर स्वतः तयार करते. दोघांत केवळ शब्दाचे साम्य आहे.

आता स्वादुपिंडात काय चालते ते पाहू, कारण ते समजल्याशिवाय अहवालाचा अर्थ लागणार नाही. जेवणातील प्रथिने पचवण्यासाठी स्वादुपिंड ट्रिप्सिन हे विकर पुरवते. ट्रिप्सिन ही धारदार कात्री आहे आणि स्वादुपिंड स्वतःही प्रथिनांचेच बनलेले आहे, म्हणून ही कात्री तेथे टोपण घालूनच तयार होते. टोपण घातलेल्या त्या रूपाला ट्रिप्सिनोजेन म्हणतात. ते नलिकेतून लहान आतड्याच्या पहिल्या भागात पोहोचले की तेथील एंटेरोपेप्टिडेज नावाचे विकर टोपण काढते आणि मग कात्री चालू लागते. अडचण अशी की, एक कात्री उघडली की ती शेजारच्या कात्र्यांची टोपणे स्वतःच काढू शकते. हे आतड्यात घडले तर पचन होते, पण स्वादुपिंडाच्या पेशीतच घडले तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. १८९६ मध्ये प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी या आजाराबद्दल हीच कल्पना मांडली होती आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही तिचा गाभा टिकून आहे.

पेशीत चुकून एखादी कात्री उघडलीच, तर तिच्या दोन पात्यांमध्ये पाचरीसारखे जाऊन बसण्याचे काम स्पिंक-१ करते. १९४८ मध्ये काझल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथम वेगळे काढले. त्यांच्याच नावावरून या जातीच्या रोधकांना ‘काझल प्रकार’ म्हणतात. पक्व स्वरूपात ते अवघ्या ५६ अमिनो आम्लांचे असते, म्हणजे प्रथिनांच्या जगात अगदीच ठेंगणे. त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी. पेशीतील सगळे ट्रिप्सिनोजेन एकदम उघडले, तर त्यापैकी साधारण पाचवा हिस्साच ते अडवू शकते असे मानले जाते. याचा अर्थ, निरोगी माणसातही हा पहारेकरी किरकोळ चोऱ्या थांबवण्यापुरताच नेमलेला आहे, दरोडा त्याच्याने थांबत नाही. त्याच्या जोडीला कायमोट्रिप्सिन-सी नावाचे दुसरे विकर ट्रिप्सिनोजेनचे तुकडे करून साठा आटोक्यात ठेवते, आणि नलिकेतील क्षारयुक्त पातळ स्राव सगळे वाहून नेतो. यांपैकी एखादा बंदोबस्त थोडा ढिला असला तरी बाकीचे सांभाळून घेतात. दोन-तीन एकदम ढिले पडले की आजार डोके वर काढतो.

म्हणूनच स्पिंक-१ मधील दोष आणि ट्रिप्सिनच्या स्वतःच्या जनुकातील दोष यांत मोठा फरक करावा लागतो. १९९६ मध्ये पीआरएसएस-१ या जनुकातील आर१२२एच हा बदल सापडला. त्यात कात्री नष्ट करण्याची जी जागा असते तीच बिघडते, त्यामुळे ती मोडता मोडत नाही. असा एकच दोष बापाकडून किंवा आईकडून आला, तरी बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी दाह होतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. स्पिंक-१ चे तसे नाही. २००० मध्ये त्याचा स्वादुपिंडाच्या दीर्घकालीन दाहाशी संबंध प्रथम दाखवला गेला. २००२ मध्ये भारतीय रुग्णांवरील अभ्यास आले, तेव्हा आपल्याकडच्या तथाकथित ‘उष्णकटिबंधीय’ प्रकारच्या रुग्णांत एन३४एस हा बदल ४० टक्क्यांच्या आसपास आढळला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत सुमारे २ टक्के. पहिला आकडा वाचून घरे घाबरतात, पण मी त्यांना दुसऱ्या आकड्यापाशी थांबवतो. शंभरात दोन म्हणजे सकाळच्या भरलेल्या डोंबिवली लोकलच्या एका डब्यातच हा बदल घेऊन उभे असलेले अनेक प्रवासी असणार, आणि त्यांतील बहुतेकांना स्वादुपिंड कोठे असते हे कळण्याचीही वेळ आयुष्यात येणार नाही.

आणखी एक गमतीची गोष्ट, जी अहवालात कधी लिहिलेली नसते. प्रयोगशाळेत एन३४एस बदल असलेले प्रथिन तयार करून पाहिले, तर ते ट्रिप्सिनला जवळपास नेहमीइतकेच चांगले अडवते. मग हा बदल असलेल्यांना आजार अधिक का होतो? हा बदल म्हणजे खरा दोषी नसून, त्याच्या शेजारीच असलेल्या आणि प्रथिनाचे उत्पादन कमी करणाऱ्या दुसऱ्या एखाद्या बदलाची ती निशाणी असावी, असा तर्क केला जातो. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण अहवालात ‘रोगकारक’ असा शब्द छापलेला असतो आणि वाचणारा तो न्यायालयाच्या निकालासारखा वाचतो. त्या शब्दाचा येथे एवढाच अर्थ घ्यावा की, या माणसाच्या स्वादुपिंडाला इतरांपेक्षा कमी धक्का पुरतो. तो धक्का कोणता होता, हे अजून शोधायचे बाकी असते.

तो शोध अर्धवट सोडला जातो, ही माझी या चाचणीबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे. काही वर्षांपूर्वी विरारहून एक पस्तिशीचे गृहस्थ आले होते. त्यांच्या फायलीवर लाल शाईने ‘अनुवांशिक’ असे लिहिलेले होते. स्पिंक-१ चा अहवाल आल्यावर इतर कारणे पाहण्याचे काम थांबले होते, आणि पाच वेळा दाह होऊनही रक्तातील कॅल्शियम फक्त दुखणे चालू असतानाच मोजले गेले होते. तीव्र दाहात कॅल्शियम खाली येते, त्यामुळे मूळचे वाढलेले कॅल्शियम त्या दिवसांत साळसूदपणे ‘नॉर्मल’ दिसते. आम्ही सहा आठवड्यांनी, माणूस बरा असताना, पुन्हा तपासले तेव्हा ते ११.६, म्हणजे वाढलेले निघाले आणि ते वाढवणारी गाठ मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथीत सापडली. गाठ काढल्यावर त्यांना पुन्हा दाखल व्हावे लागलेले नाही. जनुकातील बदल त्यांच्यात आजही आहे, पण धक्का देणारी गोष्ट गेली.

ट्रायग्लिसराइड या रक्तातील चरबीचेही असेच उलटे गणित आहे. ते १००० मिलिग्रॅमच्या वर गेले की दाह होऊ शकतो, पण रुग्णाला दोन दिवस उपाशी ठेवून सलाइनवर ठेवले की ते झपाट्याने उतरते, आणि तिसऱ्या दिवशी पाठवलेला नमुना निर्दोष येतो. म्हणून तुमच्या भावाच्या तिन्ही वेळच्या कागदांत पहिल्या दिवसाचे ट्रायग्लिसराइड आणि बरा असतानाचे कॅल्शियम आहे का, ते प्रथम पाहा. नसेल तर कॅल्शियम या आठवड्यातच करता येईल. त्याशिवाय पित्ताशयातील अगदी बारीक खडे साध्या सोनोग्राफीत निसटतात. ते आणि नलिकेची जन्मजात वेगळी रचना एमआरसीपी (एमआरआयने घेतलेले नलिकांचे चित्र) किंवा एन्डोसोनोग्राफीत (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) दिसते. अझाथायोप्रिन, व्हॅल्प्रोएट यांसारखी औषधे चालू आहेत का, हेही विचारले गेले पाहिजे.

आता दारूविषयी. आपल्याकडे तरुण मुलाला पॅन्क्रिएटायटिस झाला की वॉर्डातल्या कनिष्ठ डॉक्टरपासून गावाकडच्या काकांपर्यंत सर्वांचा पहिला अंदाज ठरलेला असतो. एका मुलाच्या आईने मला सांगितले होते की, ती रोज त्याच्या कपड्यांचा आणि तोंडाचा वास घेत असे आणि तो झोपल्याचे सोंग करून पडून राहत असे. अहवाल आल्यावर त्या बाई माझ्यासमोर जे रडल्या, ते मुलाच्या आजाराचे नव्हते. भारतात या आजाराचे कारण दारू नसलेले रुग्ण मोठ्या संख्येने दिसतात आणि भावाच्या अहवालाने त्याच्या सांगण्याला बळच मिळते. मात्र येथून पुढे त्याने दारू आणि सिगारेट या दोहोंपासून पूर्ण दूर राहावे. सिगारेटचा संबंध लोकांना पटत नाही, पण धूम्रपानाने हा आजार वेगाने पुढे सरकतो आणि पुढे जाऊन कर्करोगाचा धोकाही वाढतो. रुग्ण दारू सोडतात आणि त्या बदल्यात सिगारेट वाढवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बाहेरून प्रथिन देता येते का, हा तुमचा प्रश्न फार चांगला आहे, कारण याच कुळातल्या इतर प्रथिनांच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. शरीरात प्रोटिएज आणि त्यांचे रोधक यांच्या जोड्या जागोजागी आहेत. रक्त गोठणे, सूज येणे, फुप्फुसातील जंतूंचा नाश करणे ही सगळी कामे कापणाऱ्या विकरांवर चालतात आणि ती वेळीच थांबवण्याचे काम रोधकांवर सोपवलेले असते. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिकसन यांना काही रुग्णांच्या रक्तप्रथिनांच्या पट्टीवर अल्फा-१ हा पट्टाच गायब दिसला, आणि त्यांच्यातील काहींची फुप्फुसे तरुणपणीच निकामी होत चालली होती. गायब असलेले प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. नावात ट्रिप्सिन असले तरी त्याचे मुख्य काम फुप्फुसात पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या इलॅस्टेज या विकराला आवरण्याचे आहे. ते यकृतात तयार होते, आणि त्याच्या ‘झेड’ नावाच्या दोषात त्याचे रेणू एकमेकांत गुंतून यकृताच्या पेशीतच अडकून पडतात. परिणामी फुप्फुसाला प्रथिन मिळत नाही म्हणून ते झिजते आणि यकृताला त्याच्या ढिगाऱ्याचा त्रास होतो. सिगारेटचा धूर येथेही घात करतो, कारण उरलेसुरले प्रथिनही त्याने निकामी होते. अशा रुग्णांना निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेले हे प्रथिन दर आठवड्याला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम या प्रमाणात शिरेतून देण्याचा उपचार काही देशांत १९८० च्या दशकापासून आहे. त्याने फुप्फुसाची झीज मंदावते, यकृताला मात्र काही उपयोग होत नाही. झेड दोष मुळात उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांतला असून आपल्याकडे क्वचितच दिसतो.

या कुळातले आणखी एक प्रथिन माझ्या बाह्यरुग्ण विभागाशी थेट संबंधित आहे, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो. सी-१ इनहिबिटर कमी असलेल्यांना ओठ, हात, चेहरा अधूनमधून सुजण्याचा अनुवांशिक आजार असतो. तीच सूज आतड्याच्या भिंतीला आली की पोटात असह्य कळा, उलट्या आणि दोन-तीन दिवसांनी सगळे आपोआप शांत, असा प्रकार होतो. अपेंडिक्स समजून पोट उघडले गेलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत. ही सूज ब्रॅडिकायनिन या द्रव्यामुळे येते, त्यामुळे अॅलर्जीची गोळी आणि स्टेरॉइड तिच्यावर चालत नाहीत, आणि ती स्वरयंत्राशी आली तर जीव जाऊ शकतो. सी-४ या साध्या रक्ततपासणीने बहुतेकदा सुगावा लागतो. येथेही कमी असलेले प्रथिन शिरेतून दिले की सूज उतरते. रक्तातील अँटिथ्रॉम्बिनचेही तसेच आहे. ते कमी असलेल्या कुटुंबांत पायांच्या शिरांत गुठळ्या होतात, आणि हेपारिन हे आपले नेहमीचे औषध मुळात त्याच प्रथिनाची गती सुमारे हजारपटीने वाढवून काम करते.

या तिन्ही आजारांत रोधकाची गरज रक्तात किंवा रक्तातून जेथे सहज झिरपता येते अशा जागी असते. स्पिंक-१ ची गरज स्वादुपिंडाच्या पेशीच्या आत, विकरे साठवलेल्या कणांत असते आणि शिरेतून दिलेले प्रथिन तेथे पोहोचत नाही. शिवाय पोट दुखू लागून रुग्ण रिक्षा करून आपत्कालीन विभागात येईपर्यंत पेशीतला पहिला तासाभराचा घोळ होऊन गेलेला असतो. पुढची सूज शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेने वाढते. हे करून पाहिलेले नाही असेही नाही. गाईच्या फुप्फुसातून काढलेले अॅप्रोटिनिन हे ट्रिप्सिनला घट्ट अडवणारे प्रथिन तीव्र दाहात वर्षानुवर्षे देऊन पाहिले गेले, पण १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या अनेक रुग्णालयांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही आणि ते मागे पडले. तेव्हा तुमच्या भावासाठी आज स्पिंक-१ ची गोळी किंवा इंजेक्शन नाही, आणि कोणी ‘रोधक वाढवणारी’ पावडर विकत असेल तर ती घेऊ नये.

याच ओघात दोन शंका आधीच मिटवतो, कारण त्या पुढे येतातच. आपल्याकडे दात काढल्यावर किंवा मुका मार लागल्यावर ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनची गोळी सर्रास दिली जाते, आणि आमचे रुग्ण ती पाहून दचकतात. तोंडावाटे घेतलेली ट्रिप्सिन उलट्या वाटेने स्वादुपिंडाच्या पेशीत शिरत नाही. त्या गोळीने सूज कितपत उतरते याबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही, पण ती दाहाचे कारण ठरत नाही. दुसरी शंका कडधान्यांची. कच्च्या सोयाबीनमध्ये, वालात, पावट्यात वनस्पतींचे स्वतःचे ट्रिप्सिन-रोधक असतात. भिजवून, मोड आणून नीट शिजवले की ते बहुतांशी निष्प्रभ होतात. ते औषध म्हणून कच्चे खाण्याचा उपयोग शून्य, कारण ते आतड्यात, म्हणजे जेथे ट्रिप्सिन हवे असते तेथेच, त्याला अडवतात. वालाचे बिरडे भावाला पचत असेल तर त्याने जरूर खावे.

साबुदाण्याचा प्रश्न मुंबईतच अधिक विचारला जातो, आणि तो निराधार नाही. केरळमध्ये हा आजार पूर्वी खूप दिसे आणि तेथे टॅपिओकाचे कंद मुख्य अन्न होते. त्या कंदांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात, म्हणून संशय त्यांच्यावर गेला. साबुदाणा त्याच कंदाच्या पिठापासून करतात, त्यामुळे तोही यादीत आला. पण टॅपिओका न खाणाऱ्या प्रदेशांतही हाच आजार सापडत गेला, टॅपिओका भरपूर खाणाऱ्या कितीतरी प्रदेशांत तो दिसला नाही, आणि हा संशय कधी सिद्ध झाला नाही. साबुदाणा करताना सत्त्व धुऊन, वाळवून, भाजले जात असल्याने ती द्रव्ये तशीही फार कमी उरतात. चतुर्थीची खिचडी वाटीभर खाल्ल्याने काही होणार नाही. तेलात तळलेले चार वडे एका बैठकीला खाल्ले तर त्रास होऊ शकतो, पण तो तेलाचा. मला साबुदाणा आठवतो तो वेगळ्या कारणाने. जुन्या रुग्णांच्या पोटाच्या साध्या एक्स-रेत, कमरेच्या वरच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, कोणी मूठभर साबुदाणा उधळावा तसे पांढरे दाणे दिसतात. ते स्वादुपिंडाच्या नलिकेतले कॅल्शियमचे खडे असतात. भावाच्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘कॅल्सिफिकेशन’ हा शब्द आहे का, ते पाहा. नसेल तर आजार अजून लवकरच्या टप्प्यावर असण्याची शक्यता आहे. मोठे खडे नलिका अडवून वेदना देत असतील तर ते बाहेरून लहरींनी फोडून एन्डोस्कोपीने काढता येतात आणि योग्य निवडलेल्या रुग्णांत त्याने वेदना चांगली कमी होते.

आहाराच्या बाबतीत माझा आग्रह लोकांच्या अपेक्षेच्या उलट असतो. तेल-तूप पूर्ण बंद करून महिनोन्‌महिने भाताच्या पेजेवर राहिलेली मुले सतरा-अठरा किलो वजन गमावून येतात. दाह शमल्यावर घरचे नेहमीचे जेवण, थोड्या थोड्या अंतराने, मध्यम तेलात द्यावे. शौच तेलकट, तरंगणारे, दोनदा पाणी ओतूनही न जाणारे असेल किंवा वजन उतरत असेल, तर शौचातील इलॅस्टेज (हे स्वादुपिंडाचे, वर आलेल्या पांढऱ्या पेशींच्या इलॅस्टेजहून वेगळे) तपासावे. ते २०० च्या खाली असेल तर विकरांच्या कॅप्सूल लागण्याची शक्यता बरीच असते. मात्र जुलाब होत असताना दिलेल्या पातळ नमुन्यात ते खोटेच कमी येते. या कॅप्सूल मुख्य जेवणाला सुमारे ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज, म्हणजे चरबी पचवणारे विकर, मिळेल एवढ्या लागतात, आणि त्या जेवता जेवता घ्यायच्या असतात. माझा एक रुग्ण चर्चगेटला नोकरी करतो. सकाळी सातला घरी कॅप्सूल घेई आणि डबा उघडी एक वाजता, आणि औषध लागू पडत नाही म्हणून माझ्यावर नाराज होता. आता त्याच्या डब्याच्या वरच्या पुड्यात पोळीशेजारी कॅप्सूल असतात.

या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे मी प्रत्येकाला औषध लिहिण्याआधी सांगतो. मुंबईत जैन, मुस्लिम, वारकरी अशी सगळी घरे येतात आणि नंतर पाकिटावर वाचून फसवल्यासारखे वाटण्यापेक्षा आधी सांगितलेले बरे. बुरशीपासून बनवलेली विकरे मिळतात, पण ती कमी पडतात. निर्णय घरच्यांचा. त्यांतही ट्रिप्सिन असते, मग शत्रूलाच का पोसायचे, असे एका चौकस आजोबांनी मला विचारले होते. उत्तर असे की, कॅप्सूल उघडते ती आतड्यात, आणि तेथे कात्री उघडी असणे हेच बरोबर आहे.

आता तुमच्याबद्दल. भावात हा बदल एका प्रतीत आहे, म्हणजे तो आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आला असण्याचीच शक्यता जास्त. त्या हिशेबाने तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी आहे. तरीही, तुम्हाला पोटाचा काही त्रास नसेल तर मी ही चाचणी करू नका असे सांगेन. बदल निघाला तरी तुम्हाला आजार होण्याची शक्यता कमीच राहते आणि त्यासाठी वेगळी गोळी नसते. बदल न निघाला तरी सिगारेट-दारूपासून दूर राहण्याचा सल्ला तोच राहतो. हातात उरेल ती केवळ एक कागदी ओळ, जी लग्नाच्या बोलणीत कोणाच्या तरी हाती पडून तिचा अर्थ भलताच लावला जाईल. आई-वडिलांची चाचणी करून कोणाकडून आले हे ठरवणेही मी टाळतो; त्याने उपचारात काही फरक पडत नाही आणि घरात मात्र पडतो. भावाच्या दुखण्याविषयी होणाऱ्या नवऱ्याशी बोलायचे की नाही हा तुमचा प्रश्न आहे. बोललात तर आजाराविषयी बोला, जनुकाच्या क्रमांकाविषयी नको.

एका बाबतीत मात्र माझे मत बदलते. तुमच्या घरात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत असेल आणि भावाचे तसे काही ठरत असेल, तर दोघांनी आधी जनुक-सल्लागाराला भेटावे, कारण बदल आईच्या बाजूने आलेला असला तर होणाऱ्या मुलात दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता वाढते, आणि दोन प्रतींचा धोका एका प्रतीपेक्षा बराच जास्त असतो.

भावाला पुन्हा वरच्या पोटात पाठीकडे जाणारी कळ उठली, तर घरी अँटासिड देत रात्र काढू नका. त्याच दिवशी लायपेज आणि ट्रायग्लिसराइड यांसाठी रक्त द्या, तेही सलाइन सुरू होण्याआधी. तो बरा असताना वर्षातून एकदा साखर, एचबीए१सी आणि ड जीवनसत्त्व तपासत जा. या आजारात मधुमेह उशिरा आणि गुपचूप येतो. तूर्त त्याचे बरा असतानाचे कॅल्शियम, पहिल्या दिवसाचे ट्रायग्लिसराइड, एमआरसीपीतील नलिकेची रुंदी आणि शौचातील इलॅस्टेज असे चार आकडे कळवलेत, तर यापेक्षा नेमके उत्तर देता येईल.